शिष्टरची होडी

९ जानेवारी २००३

आज परत लस फेकून दिली. सकाळीच बर्फाचा डबा खांद्याला लावून धरणाच्या काठावर गेले. गणपतराव ठेकेदाराची होडी समोर बांधलेली, नावाडी शेजारी बिडी ओढत. मासळीचा ठेका गणपतरावांचा, म्हणून पाण्यावर होड्या फक्त त्यांच्याच, म्हणून पल्याडची वस्तीही त्यांच्याच मर्जीवर. नावाडी म्हणतो, "शिष्टर, आधी जाळं वढायचं हाय. लेकरं काय पळून चालली का?"

दुपारपर्यंत उन्हात उभी. बर्फाचं पाणी झालं, गोवराची लस गेली. पलीकडच्या काठावर बाया पोरं काखेत घेऊन उभ्या होत्या, इकडून दिसत होत्या. मी हात केला. त्यांनीही केला. मग त्या घरी गेल्या आणि मी घरी आले.

इथून पुढं त्यांना ग.ठे. लिहिणार. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.

१० जाने.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं. म्हणाले, "सिस्टर, जरा सांभाळून घ्या. गणपतरावांशी गोड बोलत जा." इतकी वर्षं काय कडू बोलत होते? जमिनीनं जायचं तर डोंगराला वळसा, नुसती बैलगाडीची वाट, अख्खा दिवस जातो. साहेबांनी ती वाट पाहिलेलीसुद्धा नाही.

हे ड्युटीवरून आले (एसटीत कंडक्टर, दिवसभर लोकांशी भांडून येतात). सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे." हा ह्यांचा सगळ्यावरचा इलाज.

२ फेब्रुवारी

डोंगरकड्याला, माहेरी. आनंद फौजेतून सुटीवर आलाय. धाकटा भाऊ, पण बोलतो असा की मीच धाकटी. माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "ताई, तुला नावाडी पाहिजेच कशाला? आमच्याकडं एक साहेब लाकडाच्या पट्ट्या चिकटवून स्वतः होडी बनवतात. कयाक म्हणतात. मी मदतीला होतो." मग कॅलेंडरच्या पाठीमागं आकृती काढून दिली. लांबुळकी, दोन्हीकडं निमुळती, मधे बसायला एक भोक. आधी फळीवर आडवे फर्मे उभे करायचे, बरगड्यांसारखे. त्यांवरून बोटभर रुंदीच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवत जायचं. मग वरून काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस. फर्मे शेवटी काढून टाकायचे.

विहिरीत पोहणं आईनंच शिकवलेलं आहे. तेव्हा बुडायची भीती कुणी घालू नये.

ठरलं.

१६ फेब्रु.

युसुफभाई सुताराकडे गेले. गावातल्या सगळ्या बैलगाड्या आणि चौकटी त्यांच्याच हातच्या, आणि हे ते स्वतःच दर दहा मिनिटांनी सांगतात. आकृती उलटी धरून पाहिली. "मगर बनवून राहिले का शिष्टर?" मग समजलं तेव्हा म्हणाले, "बनवतो. पन लाकूड सागवान. दुसऱ्या लाकडाला मी हात लावत न्हाई. इज्जतीचा सवाल हाय."

मी म्हटलं, जड होईल. "सागवान जड न्हाई, भारी हाय."

पट्ट्या ते मशीनवर चिरून देणार (वीज असेल तेव्हा), फर्मे आणि जोडणी मी करणार. घरामागचा रिकामा गोठा झाडून घेतला.

९ मार्च

फर्मे उभे राहिले. प्लायवूड करवतीनं कापून हाताला फोड आले. बघायला गाव लोटलंय. "शिष्टर, ह्याच्यात कडबा टाकायचा का?" "मढ्याची पेटी हाय का?" एका म्हातारीनं तर डोळ्याला पदर लावून विचारलं, घरात कोण आजारी आहे. तिच्यावर रागावता आलं नाही, बाकी सगळ्यांवर रागावले.

डेपोत ह्यांना चिडवतात म्हणे, तुमची मिशेश जहाज काढून राहिली. म्हणून हे माझ्यावर चिडले. चिडवणाऱ्यांवर चिडायचं सोडून!

२० एप्रिल

सत्यानाश. अर्ध्या उंचीपर्यंत पट्ट्या चढल्या होत्या. उन्हाच्या पहिल्या तडाख्यात सांधे उकलले, एक एक पट्टी सुटून वाकडी झाली. बूथवरून आनंदला फोन लावला. "कुठलं लाकूड?" सागवान म्हटलं. पलीकडून नुसतं "ताई!" सागवानात तेल असतं, सरस धरत नाही. आधी पुसून घ्यावं लागतं, आणि या कामाला ते जडही.

युसुफभाईंकडे गेले. "गोंदच खराब हाय," म्हणाले. मी म्हटलं, गोंद तुम्हीच आणला होता. मग म्हणाले, हवा खराब आहे. चौकटीला सागवान लागतं म्हणून सगळ्याला सागवान! इथं लोक मुलगी बघायला जातात तर आधी दाराची चौकट ठोकून बघतात. इज्जत, इज्जत. माझं दोन महिन्यांचं काम गेलं त्या इज्जतीपायी.

रडले. लिहून ठेवते, रडले.

२७ एप्रिल

यु.भाई स्वतःहून आले. शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या चिरून आणल्या, हलक्या, पिवळट. माफीबिफी काही नाही. "ह्ये घ्या. कुनाला सांगू नका मी शिवण चिरली म्हनून." पट्ट्या ठेवल्या आणि गेले. जाताना फर्म्यावरून हात फिरवला, तो मी पाहिला.

१८ मे

पट्ट्या दाबून धरायला चिमटे नाहीत. सायकलच्या दुकानातून फुटक्या ट्यूबा आणल्या, कापून लांब वाद्या केल्या, त्यांनी गुंडाळून आवळायचं. झकास धरतं. हे सुटीवर होते. बराच वेळ दारात उभे राहिले, मग बाही वर करून म्हणाले, "हिकडचं टोक धरू का?" दुपारभर धरलं. टोकाजवळ पट्टी पिळून बसवावी लागते, तिथं माझ्यापेक्षा त्यांचा हात बरा. हे कौतुक तोंडावर केलं नाही, इथं करते.

७ जून

काचेचं कापड आणि रेझिन नांदेडहून, कूलरच्या टाक्या बनवणाऱ्याकडून. अंगाला इतकी खाज की सिस्टर असून स्वतःलाच मलम लावत बसले. पण रेझिन ओतलं आणि लाकूड मधासारखं उजळलं. बघतच राहिले.

आणि नेमके त्याच वेळी ग.ठे. दारात. पांढरे कपडे, हात मागे. "पानी आमच्या ठेक्यात हाय, शिष्टर."

म्हटलं, "मासे ठेक्यात आहेत. पाणी नाही."

"बाई मानसानं होडी चालवायची? उद्या बुडलात तर नाव आमचं खराब व्हईल."

म्हणजे मी बुडाले तर दुःख नाही, नाव खराब! म्हटलं, मी बुडाले तर तुमचं नाव घेणार नाही, काळजी नसावी. ते हसले. त्या हसण्याचा जास्त राग आला. मग टोकाशी काल खराब लागून वाळलेल्या रेझिनवर सगळा राग काढला, घासून घासून.

१७ ऑगस्ट

काय लिहू.

होडी तयार. आज काठावर न्यायची म्हणून गोठ्याबाहेर काढली. दोघांनी उचलली, पाळण्यासारखी हलकी. मी त्रिशरण म्हणून घेतलं, झालं आमचं. एवढ्यात युसुफभाई आले. धुतलेला पायजमा, डोक्याला टोपी, हातात नारळ.

"हे काय?"

"माल हवाली करायचा. नारळ फोडल्याबिगर माझ्या हातची गाडी भाईर जात न्हाई. वालिदपासून दस्तूर हाय."

म्हटलं, आमच्यात नारळ नसतो. म्हणाले, "तुमच्यात न्हाई, माझ्यातबी न्हाई. गाडीत असतोय."

आणि मी थांबा थांबा म्हणेपर्यंत हाणला. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर हाणतात तस्सा, होडीच्या टोकावर. नारळ शाबूत. होडीला भोक. मनगट जाईल एवढं.

मग मी बोलले. इतकं बोलले की शेजारणी गच्चीवर आल्या. आयुष्यात कुणाला बोलले नसेन इतकं. ते मान खाली घालून ऐकत होते, नारळ तसाच हातात. शेवटी काय म्हणावं त्या माणसानं? "सागवान असतं तर नारळ फुटला असता."

ह्यांनी मला आत नेलं.

२४ ऑगस्ट

यु.भाई रोज येऊन बसतात. भोकाच्या कडा तासून त्यात शिवणीचे तुकडे बसवले, मी वरून कापड आणि रेझिन लावलं. आठवडाभर एकमेकांशी शब्द नाही. आज मी चहा दिला. घेतला. जोड दिसतो, गडद डाग. दिसू दे.

१४ सप्टेंबर

पाण्यात घातली. पंजाबी ड्रेस, त्यावर आनंदनं पाठवलेलं फुगीर जाकीट. गावाला काय कमी, "शिष्टरनं साडी सोडली" अशी बातमी. मांड्या आत, पाय लांब, दोन्हीकडं पातं असलेलं वल्हं. पहिल्यांदा उलटली. वर आले तर काठावर सगळे हसत होते, हे एकटे कमरेपर्यंत पाण्यात शिरलेले. ह्यांना पोहता येत नाही! परत बसले. चौथ्या खेपेला होडीनं ऐकलं.

आवाज नाही. नुसतं पाणी कापत जाते. कुणाला विचारायचं नाही, कुणाची बिडी संपायची वाट बघायची नाही.

९ ऑक्टोबर

पल्याड गेले. डबा पायांत धरून. बर्फ बर्फच राहिला. वस्तीवरच्या सगळ्या पोरांना टोचलं, सगळी भोकाड पसरून रडली, फार बरं वाटलं. कोंडाबाईनं (वस्तीतली म्हातारी, सगळ्यांची बाळंतपणं हिच्याच हातून) होडीवर हात थापटला. "यवढीशी हाय व्हय!" भाकरी-ठेचा बांधून दिला.

परत येताना ग.ठे.च्या माणसांनी वाटेवर आडवी जाळी टाकलेली. मुद्दाम. सकाळी नव्हती. वल्हं अडकलं, उलटता उलटता वाचले. नावाडी लांबून ओरडतो, "हिकडं जाळं हाय, दिसत न्हाई का?" शिव्या मलाही येतात. दिल्या.

१५ ऑक्टो.

ग.ठे.नं डॉक्टरसाहेबांकडे तक्रार केली. साहेब म्हणतात, "मी मनाई करत नाही, परवानगीही देत नाही. तुमच्या जबाबदारीवर." वा. लसीकरण पूर्ण झालं ते मात्र सगळ्यांच्या जबाबदारीवर, मिटिंगीत टाळ्या त्यांना.

मी जातेच आहे. जाळी दिसली की वळसा घालते.

२१ नोव्हेंबर

ग.ठे.च्या ओट्यावर बसून लिहिते आहे. हाताला काहीतरी काम पाहिजे, नाहीतर दार तोडेन.

सकाळी पल्याड. कोंडाबाईची सून सुनीता, आठवा महिना. पाय सुजून भरलेले, तोंड सुजलेलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं काजवे. बी.पी. घेतलं, परत घेतलं, मशीन बिघडलं असेल म्हणून तिसऱ्यांदा घेतलं. मशीन चांगलं आहे, बी.पी.च चढलंय. आजच दवाखान्यात पोचली पाहिजे. कधीही झटका येईल. बैलगाडीनं डोंगराच्या वाटेनं हादरे खात नेणं म्हणजे वाटेतच...

कोंडाबाई म्हणाली, "मंग बसीव की तुझ्या होडीत."

मी तिला होडी दाखवली. माझ्याच मांड्या कशाबशा शिरतात. कोंडाबाई भोकाकडं बघत राहिली. "मंग ह्यात तू येकलीच बसती?" आणि मग, "काहून आलीस गं मंग? नुसतं सांगाया?"

ती वाईट बोलत नव्हती. खरंच विचारत होती. सुनीताला डाव्या कुशीवर झोपवलं, जवळून हलू नका म्हटलं आणि अशी वल्हवत आले, अशी कधी आले नव्हते. खांदे गेलेत. एवढे महिने मी ग.ठे.ला विचारायला लागू नये म्हणून पट्ट्या चिकटवत होते. आणि आज पहिल्यांदा खरी गरज पडली तर कुठं पळत आले? त्याच्याच दारात. स्वतःचा इतका राग येतोय. स्वतःचाही नाही, सगळ्याचा.

ग.ठे. जेवायला बसलेले. दारातूनच सांगितलं. म्हणाले, "तुमच्याकडं हाय की सोताची होडी."

म्हटलं, बाई मरेल.

"नावाडी कळमनुरीला गेलाय. आला की धाडतो."

"नावाडी नको. मोठी होडी सोडा, मी नेते, मला येतं."

ते हसले नाहीत या वेळी. भाकरी मोडत म्हणाले, "जेवन तं व्हऊ द्या."

युसुफभाई काठावरच होते, मला पळताना पाहून मागोमाग आले. त्यांना बूथवर पाठवलंय, जीप मागवायला. जीप येईल इकडच्या काठावर. पेशंट तिकडच्या काठावर. मधे पाणी, आणि होडीची साखळी आणि कुलूप. किल्ली ह्या घरात, खुंटीवर. मला इथून दिसते आहे.

बायका जमायला लागल्यात. कुणीतरी म्हणालं, शिष्टर, घरी जा, निरोप येईल. आतून चहा आला, परत पाठवला. ठेकेदारीणबाई कप घेऊन तशीच उभी राहिली, तिनं एकदा खुंटीकडं पाहिलं आणि आत गेली.

मी उठणार नाही. जेवण झालं की हात धुवायला त्यांना ह्याच दारातून बाहेर यावं लागेल. तेव्हा खुंटी आणि माझ्यामधे कुणी नसेल.