मधली मोकळी जागा

धाकट्या,

तू रुसून गेल्यावर मोडलेला आपला खडखडाटी बँड पुन्हा जमला रे. ड्रमवर मी, गिटारवर आपला शिंपी. तुझ्या ओळी आल्या की आम्ही हात थांबवतो. तेवढा वेळ माइक नुसताच उभा असतो. काल ती शांतता सभागृहात धुक्यासारखी पसरली. वाटलं, आपण सगळे पाण्याखाली बसलोय. मी म्हटलं, आता लोक उठणार! पण टाळ्या पडल्या.

शिंपी म्हणाला, "म्हातारबा, घाबरतोस काय? लोकांना वाटलं, हा आपला नवा प्रयोग!"

तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. तुझा पत्ता कुणाकडेच नाही, तरी लिहितोय. तुझ्यावाचूनचं गाणं लोकांच्या अंगवळणी पडायच्या आत ये रे बाबा.

तुझा भित्रा
दादा