मुंगळा चावल्याचा दाखला

प्रति,
मा. सहायक प्रमुख साहेब,
सितुळा उपविभाग, बुंगोमा.

विषय : ऑगस्ट १९८० च्या सुंतेच्या दिवशी अर्जदार सुरीला भिऊन नव्हे, तर मुंगळा चावल्याने ओरडला, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : कुळाच्या पंचांनी दि. २७ एप्रिल रोजी अर्जदाराच्या हातून काढून घेतलेली बिअरची नळी.

महोदय,

खाली सही करणार खाएम्बा लुस्वेती, वय ५९, निवृत्त शिक्षक, सादर करतो की,

१. कुळाने मला एकमताने कुळप्रमुख निवडले. पहिल्याच बैठकीत पंचांच्या सामाईक मडक्यातली नाचणीची बिअर प्यायला मी नळी घातली, तोच माझा सुंतेचा सोबती सिताती म्हणाला, "जपून रे बाबांनो! सुरी बघून आईला हाका मारणारा गडी हा!" एकाच सुरीपुढे उभे राहिलेल्यांना एकमेकांची वाटेल ती थट्टा करायची मुभा असते, म्हणून मीही हसलो. पंच मात्र हसले नाहीत. सुंतेला रडलेल्याने भाऊबंदांचे तंटे सोडवायला बसू नये, हा आपला दंडक साहेबांना ठाऊक आहेच. नळी गेली, तिच्यामागून मानही गेला.

२. खुलासा असा की, त्या पहाटे, सुंतेआधी रिवाजाप्रमाणे नदीवर अंगाला चिखल फासताना त्यात मुंगळा आला. तो कुठे चावला हे सरकारी कागदावर लिहिणे बरे दिसत नाही. मी "आई गं, मेलो!" ओरडलो तेव्हा सुरी घरच्या अंगणात होती. पुढे तिच्यासमोर मी हूं की चूं केले नाही. पापणीही हलू दिली नाही. डोळे गच्च मिटले होते हे कबूल. परंतु मिटलेली पापणी हलत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

३. पत्नी नासांबू म्हणते, "पाच लेकरं, अकरा नातवंडं झाली, आता आणखी कसला पुरावा देताय?" पंच तो ग्राह्य धरत नाहीत. पस्तीस वर्षे मी वर्गात मुलांना "रडायचं नाही" म्हणत छड्या मारल्या. त्यांतले तिघे आज पंच आहेत. फार लाज वाटते, साहेब.

सबब दाखला मिळावा. मुंगळा हयात नसल्याने सितातीची साक्ष जोडली आहे. त्याने काय लिहिले, ते मला दाखवलेले नाही.

आपला, पंचांबाहेर कोरडा बसलेला,
खाएम्बा लुस्वेती
दि. ६ मे २०२४

साक्षीदाराचा शेरा :
मुंगळा खरा. चिखलात मीच टाकला होता. चव्वेचाळीस वर्षं सांगायची हिंमत झाली नाही, तेव्हा भित्रा कोण ते साहेबांनीच ठरवावं. खाएम्बाला बसवा आणि माझी नळी काढून घ्या.
सिताती माकोखा