सुपरवायझरची जागा

१२ ऑगस्ट १९९६
लेबर ऑफिसचा निकाल आला. बढतीची तक्रार फेटाळली. दोन पानं, तीही कंपनीच्या जबाबावरून उतरवलेली. सुपरवायझरला रात्रपाळी करावी लागते, कायद्याने बाईला रात्री कारखान्यात ठेवता येत नाही, सबब भेदभाव नाही.
कसली रात्रपाळी? आमच्या तपासणी विभागाला साडेपाचला कुलूप लागतं. चौदा वर्षं मीच लावते! अधिकाऱ्याला तीनदा सांगितलं. मान डोलावली, लिहिलं काहीच नाही.
गिरीशला मायक्रोमीटर धरायला मी शिकवलं. आता तो सुपरवायझर, मी त्याच्या हाताखाली.

१४ ऑगस्ट
हे म्हणाले, "नोकरी तर गेली नाही ना? पीण्याच्या दुसऱ्या कारखान्यात कोण घेणार तुला?"
"गेली नाही म्हणून पाया पडू?"
हे पानावरून उठले. जाऊबाई आतून, "स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं गं." यांचं स्वल्प किती असतं कोण जाणे.

२० ऑगस्ट
वकीलबाई भेटल्या. तरुण आहेत, पण कागद नीट वाचतात. हायकोर्टात जायचं म्हणाल्या. "पुरावा?" किल्ली रोज गेटवर जमा करते, वहीत सही करते. पण वही कंपनीकडे. "मग साक्षीदार बघा."
शांताक्का. बारा वर्षं शेजारच्या टेबलावर.

२२ ऑगस्ट
बसमध्ये शांताक्काला विचारलं. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मुलीचं लग्न ठरतंय, सुमन. मला यात ओढू नकोस."
चामराजपेटच्या स्टॉपवर तिच्या आधीच उतरले. राग तिच्यावर यायला नको होता. आला.

२४ सप्टें.
कोर्ट. सकाळपासून बाकावर, आमचं प्रकरण पाच मिनिटांत. कंपनीचा वकील म्हणे, बाई भांडखोर आहेत. जजसाहेबांनी त्याला थांबवलं. "तपासणी विभागात रात्रपाळी आहे की नाही?"
"माहिती घेऊन सांगतो."
एवढा साधा प्रश्न! लेबर ऑफिसात वर्षभरात कुणाला सुचला नाही. गेटची वही हजर करायचा हुकूम झाला. चार आठवड्यांची मुदत. जिना उतरताना रडू आलं, संतापाने. वकीलबाईंना वाटलं आनंदाने.

२५ सप्टें.
मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच "बसा" म्हणाले. "अर्ज मागे घ्या. पुढच्या वर्षी तुमचं बघू."
"लिहून द्या."
"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"
"नाही."
उठले. माझ्या टेबलाकडे परत आले.
दुपारी गिरीश यंत्रातली एक रिंग घेऊन आला. खाली बघत, "अक्का, ही पास करू का?" सांगावंसं वाटलं, सुपरवायझर तू, ठरव तू. पण हात पुढे गेलाच. मापलं. भोक चार मायक्रॉन मोठं.
"परत पाठव."
"सरी, अक्का, पाठवतो."
माझ्यासमोर उभं राहूनच त्याने कार्डावर सही केली. 'तपासणारा' या रकान्यात स्वतःचं नाव.