फुकटचा रस आणि युगांडातलं गुऱ्हाळ

जिंजाजवळ, युगांडा
१२ ऑक्टोबर २००३

तीर्थरूप चन्नाप्पा मामांना अमरेशचा शरणु शरणार्थ.

आणि गुऱ्हाळ विकायचंच होतं तर मला आधी सांगायचं की. परवा कंपालाहून एक शेटजी मोटारीतून उतरले, रामराम नाही, काही नाही, खिशातून टेप काढली आणि चुलवाण मोजायला लागले. मी म्हटलं, पावणं, कुणाकडं आलाय? तर त्यांनी तुमच्या पेढीचं पत्र पुढं केलं. मामा, मुलगी दाखवायची असली तरी तिला सकाळी सांगतात, आज पाहुणे यायचेत म्हणून. फोनवर भांडलो असतो, पण फोनवर तुम्ही मिनिटाचा दर सांगत बसता आणि भांडण तिथंच राहतं, म्हणून हे पत्र.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींना डॉक्टरांनी गूळ बंद केला असं कळलं. गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरातली ही बातमी मार्केट यार्डात जाऊ देऊ नका, दर पडतो.

तुमच्या चि. विद्याश्रीनं बी.कॉम.च्या पुस्तकातून लिहून पाठवलंय की आपण जे केलं त्याला थेट परकीय गुंतवणूक म्हणतात. मी आठवीतून सुटलेला माणूस, मला वाटत होतं आपण गुऱ्हाळ घातलंय. तिनं असंही लिहिलंय की परदेशात धंदा वाढवायचा तर जोखीम आधी ओळखावी लागते. तुम्ही मला स्टँडवर सोडायला आलता तेव्हा हेच सांगत होता की. सगळे पैसे एका खिशात ठेवू नको, तिथला एक माणूस धरून राहा, आणि राजकारणात पडू नको. (शेवटचं मी जास्त मनावर घेतलं, कारण सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही दोनदा पडलेला आहात.)

जोखीम आली ती मात्र यातल्या कुठल्याच वाटेनं आली नाही. मोंबासा बंदरात काहील अडकली, तेवढं सोडा. कस्टमवाल्याला ती होडी वाटली आणि होडीचा कर वेगळा. मी त्याला सांगत होतो की यात रस उकळतो, पण आपला गुळव्या पिराजी त्याच वेळी काहिलीत चादर टाकून झोपला होता, हे माझ्या बाजूनं गेलं नाही.

खरी गंमत गुऱ्हाळ पेटल्यावर झाली. पिराजी शिरोळचा, म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. नारळ फोडला, रसाचा पहिला तांब्या अग्नीला दाखवला आणि दुसरा रस्त्यानं सायकलवरून चाललेल्या माणसाला थांबवून पाजला. गुऱ्हाळावर आलेला माणूस कोरडा जाऊ द्यायचा नाही, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. इथं तो सायकलवाला थांबला नव्हता, त्याला हाताला धरून आणला होता, पण पिराजीच्या हिशेबी तो आलाच. दुसऱ्या दिवशी तो भावाला घेऊन आला. पुढं पुढं शाळा सुटली की पोरं घरी न जाता आमच्याकडं यायला लागली, मग त्यांना शोधत त्यांच्या आया, मग मास्तर. पिराजी सगळ्यांना रस, वर हातावर गरम गूळ, आणि जाताना उसाचं कांडं. मी म्हटलं, पिराजी, विकायला काय ठेवणार? तर म्हणाला, माणसं जोडाय लागलोय की, तुमच्या मामांनीच सांगितलंय न्हवं?

इथं गावच्या प्रमुखाला चेअरमन म्हणतात. हे ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं होतं, आणि पुढं भीतीसुद्धा अगदी घरच्यासारखी वाटली. चेअरमनचं नाव वाइस्वा. उंच, कमी बोलणारा माणूस. परवान्याच्या कागदावर त्याचा शिक्का लागतो आणि शिक्का त्याच्या खिशातच असतो. सुरुवातीला नीट बोलायचा. मग रोज म्हणायला लागला की शाई वाळलीय. मी शाई नेऊन दिली. तर म्हणाला, आता शिक्का वाळलाय. परवाना नसला की घाणा बंद करायला लागणार, आणि तोडून ठेवलेला ऊस कुणासाठी थांबत नाही.

शेवटी तो स्वतःच आला. रस दिला तर हात लावला नाही. सरळ विचारलं, कुठल्या पक्षाचा? मी म्हटलं, कोल्हापूरचा. त्यावर त्यानं मान हलवली, म्हणजे त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं. मागाहून शाळेच्या मास्तरांनी उलगडून सांगितलं की आख्ख्या गावाची खात्री आहे, हा माणूस चेअरमनच्या खुर्चीवर डोळा ठेवून इतक्या लांबून आलाय. नाहीतर फुकट कोण पाजतंय?

मला आधी राग आला. मग मनात आलं, उद्या आपल्या यार्डात कुणी परदेशी पाहुणा येऊन येईल त्याला फुकट दूध पाजायला लागला, तर तुम्ही काय म्हणाल? दूध संघाला पॅनेल टाकतोय म्हणाल. म्हणजे वाइस्वाचं काही चुकलं नव्हतं.

मास्तरांनी तोड काढली की मी गावासमोर सांगावं, मला निवडणूक लढवायची नाही. आंब्याच्या झाडाखाली सभा भरली. मला इंग्रजी येतं तेवढं भाव सांगण्यापुरतं, म्हणून घाबरून मी मराठीतच सुरू केलं, आणि मास्तर माझ्या हाताकडं बघून अंदाजानं सांगत गेले. मी हात जोडून म्हटलं की मला तुमचं मत नको, खुर्ची नको. माणसांनी टाळ्या वाजवल्या. (मागं बसलेला पिराजीही वाजवत होता, त्याला विषय माहीत नव्हता.) मग एक म्हातारी उठली, काठी माझ्याकडं केली आणि काहीतरी बोलली. मास्तरांनी मला सांगितलं, ती विचारते, "पैसे घेत नाही, मतही घेत नाही, मग याला आमच्याकडून पाहिजे तरी काय?"

मामा, याचं उत्तर विद्याश्रीच्या पुस्तकात असेल तर कळवा.

उत्तर वाइस्वानं दिलं. सभा उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "रस विक. विकणाऱ्याची कुणाला भीती वाटत नाही." हे मी पिराजीला सांगितलं तर त्यानं डोक्याचं मुंडासं काढून चुलवाणावर ठेवलं. म्हणाला, "गुऱ्हाळावर रस इकायचा? शिरोळात त्वांड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाय मला. आत्ताच तिकीट काढा माझं." गुळव्या गेला तर उरलं काय, नुसती काहील. ती आधीच होडी म्हणून कागदावर आहे.

दोन्हीकडून अडकलो तेव्हा मला सुचलं (मलाच सुचलं, पिराजी वेगळं लिहील त्यावर जाऊ नका), की रसाला पैसे घ्यायचे नाहीत, पण येणाऱ्यानं चुलवाणासाठी कवळाभर वाळलेला पाला घेऊन यायचं. पिराजी म्हणाला, पाहुणा रिकाम्या हातानं आला न्हाय एवढंच, ह्यात इकणं कुठं आलं. वाइस्वा म्हणाला, ही विक्रीच आहे. दोघंही खूश. पहिला कवळा वाइस्वानं स्वतः आणला, रस प्याला, तोंड पुसलं आणि तिथंच काहिलीच्या काठावर कागद ठेवून शिक्का मारला.

तेव्हापासून जळणाला एक शिलिंग लागलेला नाही. गूळ उतरायच्या आधी गिऱ्हाईक दारात असतं. चलन वरखाली होतं तेवढं आपल्या उसाचा दरही होतो. आता जोखीम एकच राहिली आहे, जी विद्याश्रीच्या पुस्तकात नाही: मालक कोल्हापुरात बसून घाबरतो, ती. शेटजींनी टेपेनं चुलवाण मोजलं, माणसं मोजली नाहीत. ते आले की रस विकायला काढतील, मग फुकटचा पालाही बंद होईल आणि पिराजीही.

तरी तुम्ही थोर आहात, विकायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. मी काही बोलणार नाही.

आपला भाचा
अमरेश

ता. क. गूळ इथं कोण घेतं असं मामी विचारतील. बहुतेक दारू गाळणारे घेतात. मामींना सांगा, पाहुणचारासाठी जातो.

ता. क. दुसरा. सोबत बँकेचा ड्राफ्ट आहे. हा गुऱ्हाळाचा नफा नाही, तो पेढीच्या खात्यावर वेगळा जातोय. हा माझा साठलेला पगार आहे. तो परत करू नका, अव्वाकडं, म्हणजे तुमच्या बहिणीकडंही देऊ नका, गुऱ्हाळात माझा वाटा म्हणून लावून घ्या आणि तसा कागद करा. विद्याश्रीला विचारलं तर ती म्हणाली, वाटा फारच बारीक पडतो. पडू दे. वाटेकरी कितीही बारीक असला तरी विकताना त्याला विचारावं लागतं, एवढं मीही यार्डात ऐकलंय. आणि मला विचारलं तर माझं उत्तर 'नाही' असं आहे. रक्कम रुपये अकरा हजार दोनशे फक्त.