सोपानच्या शिव्या

सोमवार, दिवेलागण

आज बातमी छापून आली. गावातली पाण्याची नवी टाकी तडकली आणि वरून रंग फासून तडा झाकला, एवढीच बातमी. वर माझं नाव नाही, नुसतं 'वार्ताहर'. परभणीच्या संपादकांना वाटतं, त्यानं मी झाकला जातो. पण गावात वार्ताहर मी एकटाच! पेपरही मीच वाटतो. म्हणजे सरपंचाच्या ओट्यावर ती बातमी सकाळी मीच टाकून आलो.

हॉटेलात चहाला गेलो तर सगळ्यांपुढं तोच पेपर. सरपंचाच्या भावानं विचारलं, "तुला सांगितलं कोन?" मी चहा पीत राहिलो. तेवढ्यात सोपान उठला. टाकीचं पाणी सोडायची नोकरी त्याची. तडा मला त्यानंच दाखवला होता, दाखवताना हात कापत होते त्याचे. तोच ओरडला, "गावाची इज्जत काढायलाय ह्यो! लय शहाना झालाय!" आणि पेपर माझ्या अंगावर फेकला.

लागलं मनाला, खोटं कशाला बोलू? पण मग त्याचे हात दिसले. पेपर फेकतानाही कापतच होते.

जगात कुठं कुठं पत्रकारांना तुरुंगात टाकतात, जिवे मारतात. माझं शिव्यांवर भागलं. पण सोपानची नोकरी गेली तर? त्याची लेकरं अजून शाळेत जातात.

उद्या पेपर टाकायला निघालो की सोपान चारचौघांत भेटावा. आणि त्यानं आणखी दोन शिव्या हासडाव्यात. चांगल्या मोठ्यानं.