तीन पन्ह्यांचा चेहरा

दिघाशी, सोमवार

प्रिय मेघाली,

पत्र पाहून दचकू नकोस. ज्या पित्याची कन्या व्हिडिओ-संभाषणाचे सॉफ्टवेअर घडवते, त्याने टपालखात्याच्या दारी जावे हे लांच्छनास्पदच. तथापि कारण यथावकाश निवेदन करीन.

गेल्या महिन्यात तू सांगितलेले शास्त्र मी कशेळीच्या गोदामात ड्युटीवरच्या सर्वांना सव्याख्य ऐकवले. पूर्वी तुमचे सॉफ्टवेअर कॉलवरच्या सर्वांना एकच चित्र धाडी. दिघाशीत आईचे नेटवर्क दुर्बळ, म्हणून गोदामात उत्तम वायफाय असूनही तुझे मुखकमल मला भिजवलेल्या पोह्यांसारखे दिसे. आता तू अशी सोय सुरू केलीस, की तोच चेहरा एकाच क्षणी लहान, मध्यम आणि मोठा असा तिन्ही प्रतींत निघतो; ज्याच्या लाइनीला जो पेलेल, तो त्याला पोचतो. एकाच मागावर तीन पन्ह्यांचे, तीन रुंदींचे कापड! आमचा पहारेकरी लडकू, लूमच्या दिवसांपासूनचा सोबती, म्हणाला, "मास्तर, आपल्या लूमला हे कंदी जमलं न्हाय." ते श्रेय मी पितृत्वाच्या अधिकाराने स्वतःकडे घेतले.

लूमचे नाव निघाले आणि भिवंडीतले माझे कापड-तपासणीचे टेबल आठवले. शाळा सुटली की तू त्याच्या कडेला बसायचीस. मी तागा उजेडावरून ओढी, तुटला धागा दाखवी, आणि तू तिथे गंभीर मुद्रेने खडूची खूण करायचीस. एकदा गणितात सहा गुण मिळाले ते तू लपवलेस. मला ठाऊक होते. मी रोजच्यासारखा तागे ओढत राहिलो. तिसऱ्या दिवशी प्रगतिपुस्तक माझ्या ताटाशेजारी होते, त्या सहाभोवती खडूचे वर्तुळ. इतके सुंदर कबुलीपत्र मी अद्याप वाचलेले नाही.

आता कालचा रविवार. आई इथे दिघाशीत, मी कशेळीला ड्युटीवर. आईने विचारले, "जावई कुठं हाय गं?" तू म्हणालीस, आंघोळीला गेलाय. भूपेशरावांचे हे स्नान तीन रविवार अखंड चालू आहे. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडातही इतका वेळ कोणी भिजत नाही. आईचे समाधान झाले. तिला तू अंगठ्याएवढी दिसत होतीस, आणि ती म्हणाली, पोरगी बाळसं धरतेय.

माझ्या लाइनीला मात्र मोठा पन्हा पेलला. तुझ्यामागच्या भिंतीवर, जिथे तुमच्या लग्नाची तसबीर होती, तिथे रंग न उडालेला एक चौकोन होता. तिरका. ती तसबीर मीच टांगली होती, म्हणून तिरका. मग तुझे डोळे पाहिले. दोष शोधण्याच्या दृष्टीने नव्हे, तरी सुजलेले दिसले.

फोन केला असता तर आईने ऐकले असते, आणि तुला माझा चेहरा पाहत उत्तर द्यावे लागले असते. म्हणून हे पत्र. आईला मी काही सांगितलेले नाही, तुलाही काही विचारत नाही. पुढच्या रविवारची ड्युटी मी बदलून घेतली आहे. इथेच, तिच्या शेजारी बसून, तिच्याच फोनवर, तुला अंगठ्याएवढी पाहीन. भूपेशरावांना हवे तितके न्हाऊ दे. ज्या दिवशी तुला स्पष्ट दिसावेसे वाटेल, त्या दिवशी मला आधी कळव. मी कशेळीला जाऊन बसेन. सोबत खडूचा तुकडा घातला आहे.

तुझाच, तिरक्या तसबिरी टांगणारा,
बाबा