कुसुमचा ताप

३ एप्रिल, कोरीट
नंदुरबारला डॉ.कडे जाऊन आलो. झटक्यानंतर ह्यांचे हात-पाय सावरले, डोकं मात्र तिथंच. डॉ. म्हणाले, "पेपर नको, गोष्ट वाचून दाखवा. गोष्टीतला माणूस धावला की ऐकणाऱ्याच्याही मेंदूत हालचाल होते. दुसऱ्याच्या मनात शिरायला मेंदूला मेहनत पडते, तीच ह्यांची कसरत." आयुष्यभर मी कादंबऱ्यांपायी टोमणे खाल्ले. "कोन मरनं? रडस काबर?" असं म्हणायचे हे. आता तेच औषध. घ्या!

५ एप्रिल
ट्रंकेतून लग्नाआधीची एक कादंबरी काढली. समुद्राकाठचं गाव, कुसुम नावाची पोर, लग्न होऊन सासरी जाते. शेवट आठवत नाही. दु. चार पानं वाचली. हे भिंतीकडे बघत होते. मीही भिंतीलाच वाचून दाखवत होते म्हणायचं.

९ एप्रिल
आज नवलच. वाचायला बसले तर हे आपणहून, "काल कुसुमनी सासू काय बोलनी?" काल! सकाळी भाकरी खाल्ली की नाही ते सांगता येत नाही ह्यांना, आणि कालची सासू आठवते. मी उठून उगाच चहा टाकला.

१२ एप्रिल
होडी उलटते तो भाग. ह्यांनी खाटेची कड घट्ट धरली, पाय आखडून घेतले. वाचून झालं तरी दम लागलेला. डॉ. म्हणतात तसं होत असावं आत. आधी आनंद झाला, मग भीती. कुसुम इतकी आत शिरली, तर तिच्यामागून वैशूही...
आमची वैशू नवापूरला सासरी तापाने गेली. पंधरवड्यात ह्यांना झटका आला, शुद्धीवर आले ते लेकीला विसरूनच. एकदाही नाव नाही घेतलं. मला राग येतो. एकटीने किती रडायचं? मग वाटतं, असू दे. दोघांतल्या एकाची तरी सुटका.

१६ एप्रिल
कुसुमला ताप चढला. मी पुस्तक मिटलं, डोळे दुखतात म्हणाले. मागच्या दारी बसून पुढचं एकटीने वाचलं. कुसुम मरते. बाप पोचायच्या आत. हजारात एक कादंबरी निवडली मी, शाबास माझी!

१७ एप्रिल
सकाळपासून एकच, "कुसुमना ताप उतरना का?" चहा घेईनात. शेवटी पुस्तक उघडलं, छापलेल्या ओळींवर डोळे ठेवले आणि मनचं वाचलं. ताप उतरला, पेज प्यायली, उठून बसली. हे हसले. आणि माझ्या तोंडून कसं गेलं देव जाणे, "आता आखाजीला माहेरी येणार आहे." त्या समुद्राकाठी कुठली आली आखाजी, अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी आणायची रीत आपल्या खान्देशातली! पण आपल्याकडच्या बाईला लेक बरी झाली की पुढे दुसरं सुचतच नाही.

२२ एप्रिल
फसले. जाऊबाई विचारत आल्या, "आक्का, दादा म्हने कुसुम येनार शे. कोन कुसुम?" ह्यांनी दिराकडून लिंबाला झोका बांधून घेतला. दोर स्वतः ओढून पाहिला. मागच्या आखाजीला ह्याच फांदीवर वैशू...
ह्या वर्षात इतके खूश कधी दिसले नव्हते.

२७ एप्रिल
बसच्या वेळा विचारतात. सांगून टाकावं का, कुसुम पुस्तकातली आहे म्हणून? की खरं पान वाचावं? वाचलं तर रडतील, आणि रडता रडता वैशू आठवली तर? डोकं जागं व्हावं म्हणून वाचायला बसले होते. आता जागं होऊ नये म्हणून खोटं वाचते आहे. मला नेमकं काय हवंय तेच कळेना.

३० एप्रिल, आखाजी
सकाळी पितरांच्या घागरी भरल्या. एक सासऱ्यांची. दुसरी वैशूची. "लेकनी घागर तिन्हा सासरले भरतस, आक्का," जाऊबाई म्हणाल्या. भरू देत त्यांना तिकडे. मी इकडे भरली. दोन्हींवर आंबा ठेवला.
हे धुतलेला सदरा घालून सकाळपासून ओट्यावर. गल्लीत माहेरवाशिणींची गाणी चालू होती. आमचा झोका रिकामा. पुरणपोळी, रस वाढला तेव्हा आत आले आणि घागरींपाशी थांबले.
"हाई बापूनी. दुसरी कोनी?"
मी दुसरीवरचा आंबा उगाच नीट केला. हे खाली बसले, घागरीवर हात ठेवला.
"कुसुम ऊनी नही."
"नही."
घागरीवरचा हात न काढता, "वैशू बी नही ऊनी."
मी पदर तोंडात कोंबला. नाव घेतलं! पण ती आली नाही एवढंच म्हणाले. कधीच येणार नाही हे कळलंय का, ते विचारायची हिंमत झाली नाही. नीट जेवले. रस मागून घेतला.
संध्याकाळी ह्यांनी पुस्तक स्वतः उचलून आणलं, माझ्या मांडीवर ठेवलं.
"आते खरं वाच."
पान उघडलेलं आहे. हे समोर बसलेत, वाट बघत. आणि मी चष्मा लावून हे लिहीत बसले आहे.